गार्डला बांधलेला दोरा

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि मी चक्क खुशीत आहे. गिरगावातून बसने लालबागला उतरलो तर रस्त्यावर अजून मांडवांचे बांबू उतरवणं चालू होतं. सीतारामभाऊंचा गाळा एका चाळीच्या तळमजल्यावर आहे. लग्नांची स्टेजं, नाटकांचे सेट, प्रदर्शनांचे स्टॉल, मिळेल ते लाकूडकाम इथे होतं. भाऊ साठीचे, मूळचे देवगडचे. रागावले की मालवणीत शिरतात, आणि दिवसातून पाच वेळा तरी रागावतात. मला त्यांनी फोरमन म्हणून घेतलंय. कापायच्या कामाला मुख्य माणूस बुद्धभूषण. पस्तिशीचा, दोन मुलींचा बाप, हात इतका सरळ की रेघ न मारता प्लाय कापेल. मी म्हटलं, तरी रेघ मारायची. तो हसला. आमचं जमेल.

माटुंग्याचा कारखाना का सोडलास, असं भाऊंनी विचारलं. घरापासून लांब पडायचा, म्हणालो.

१० सप्टेंबर, बुधवार

आज हातात धरायच्या सर्क्युलर करवतीचं पातं बदलायची शाळा भरवली. भाऊ म्हणाले, चाळीस वर्षं पाती बदलतोय, तू काय शिकवणार? पण स्टूल ओढून बसले.

माझी पद्धत अशी. आधी प्लग काढायचा आणि वायर आपल्याच गळ्यात टाकायची, म्हणजे प्लग छातीवर लोंबताना दिसतो. दुसरा कोणी तो चुकून लावणं शक्यच नाही. मग पातं कुलपासारखं अडकवणारं बटण दाबून पान्याने बोल्ट सैल करायचा. नव्या पात्यावरचा बाण आणि मशीनवरचा बाण एकाच दिशेला हवा. घट्ट आवळून झालं की पातं हाताने एकदा फिरवून बघायचं. आणि सगळ्यात शेवटी गार्ड. खालचा गार्ड लाकडात शिरताना वर सरकतो आणि कापून झालं की स्प्रिंगने परत येऊन पातं झाकतो. तो तीनदा वर करून सोडायचा. तिन्ही वेळा ‘खट्’ असा कोरडा आवाज आला पाहिजे. आवाज रेंगाळला तर भुसा आणि चिकटलेला डिंक काढायचा. आवाज आलाच नाही तर मशीनला हात लावायचा नाही.

एक वहीसुद्धा घातली. रोज नऊच्या आत मी गार्ड तपासून सही करणार. सही नसेल तर मशीन चालणार नाही. बुद्धभूषणने सगळ्यांसमोर सांगितलं की फोरमनची सही दिसली की आपण डोळे मिटून मशीन घेणार. मी म्हटलं, डोळे उघडे ठेव. सगळे हसले. मलाही बरं वाटलं, आणि मग फार वेळ बरं वाटलं नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

चहाच्या वेळेला बुद्धभूषण कापत होता. मी पाठमोरा होतो. पातं थांबल्याचं कळलं, पण खट् आलं नाही. धावत गेलो. गार्ड बंद होता, स्प्रिंग ठणठणीत. त्याच्या मते आवाज आला होता. माझ्या कानांत भुसा गेला असेल म्हणाला.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

सकाळी मी सगळ्यांच्या आधी येतो, गाळ्याची किल्ली माझ्याकडे असते. आज मशीनवरचं कापड काढलं तर खालचा गार्ड वर ओढून, मुठीला लाल दोऱ्याने बांधलेला. पूजेचा दोरा. दोन वेढे, मग आडवा फास, टोक आत खोचलेलं.

ही गाठ माझी आहे. माझे वडील पार्सलं अशी बांधायचे, त्यांच्याकडून मी शिकलो. दुसऱ्या कोणाला अशी बांधताना मी पाहिलेलं नाही.

दोरा कापला, खिशात घातला, सही केली.

२३ सप्टेंबर, मंगळवार

आजही बांधलेला होता. आता लिहूनच टाकतो, निदान या रोजनिशीत तरी.

गेल्या वर्षीचा दसरा, माटुंगा. हत्यारांची पूजा मी केली. पात्याला कुंकू लावायचं म्हणून गार्ड वर ओढला. तो परत परत खाली यायचा, म्हणून पूजेच्या दोऱ्याने वर बांधून ठेवला आणि त्यावर झेंडूचा हार घातला. त्या दिवशी हत्यारांना कोणी हात लावत नाही. रविवारची सुट्टी गेली. सोमवारी तिथे कापायच्या कामावर असलेल्या जयवंतने हार काढला. दोरा काढला नाही, कारण पूजेचा दोरा कोणी तोडत नाही, तो आपला आपण गळेपर्यंत राहू देतात. तो तपासणं माझं काम होतं. मी पेढे वाटत होतो.

जयवंतने फळी कापली आणि सवयीने मशीन मांडीपाशी खाली आणलं. पातं अजून फिरत होतं. हॉस्पिटल जवळ होतं, तरी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

लोक त्याला घेऊन धावले तेव्हा मी मागे राहिलो आणि दोरा कापून खिशात घातला. विचारायला आले त्यांना सांगितलं की जयवंतला गार्ड वर अडकवून काम करायची खोड होती, मी किती वेळा बजावलं होतं. अशी खोड त्याला कधीच नव्हती.

२५ सप्टेंबर, गुरुवार

गेल्या वर्षी जयवंतच्या तेराव्याला डिलाईल रोडला त्याच्या घरी गेलो होतो. त्याची आई, शांतामावशी, माझ्यापुढे हात जोडून म्हणाली, “माझ्या झिलाची चूक. तुमका सगळ्यांका त्रास झालो.” मी मान हलवली. नुसती मान हलवली आणि पानावर बसून जेवलो. मला लाज कशी वाटली नाही?

तो दोरा माझ्याकडेच आहे. पूजेचा दोरा कचऱ्यात टाकवेना, समुद्रात सोडायला जाववेना. बिस्किटांच्या डब्यात ठेवलाय. इथे रोज सकाळी कापतो तो दोरा खिशात घालतो, घरी पोचतो तेव्हा खिसा रिकामा असतो. डब्यात मात्र एकच दोरा. आज मोजल्या त्याच्यावरच्या गाठी. कापलेलं टोक पुन्हा जोडलेलं, चार ठिकाणी. सोमवारपासून चारदा कापलाय मी.

२७ सप्टेंबर, शनिवार

सहा गाठी.

बुद्धभूषणला सांगावंसं वाटलं. मग तो विचारेल, कुठला दोरा? मग पहिल्यापासून सांगावं लागेल. तो मुलींसाठी गाळ्यातल्या तुकड्यांचं छोटं कपाट करतोय. मला दाखवलं. बिजागऱ्या सुंदर बसवल्यात.

३० सप्टेंबर, मंगळवार

आवाज आता कधीच येत नाही. मशीन बंद होतं — मी थांबतो — काहीच नाही. सगळ्यांना ऐकू येतो, मला नाही.

रोज कापतो. रोज सही करतो.

१ ऑक्टोबर, बुधवार

उद्याची पूजा मीच करायची, भाऊंचा हुकूम. नको म्हणालो तर मालवणीत शिरले.

ठरवलं. परवा सकाळी डिलाईल रोडला जायचं, डबा मावशीच्या हातात द्यायचा. जयवंतची चूक नव्हती, एवढं तिला कळलं पाहिजे. मग पोलीस असोत, काही असो. हे वर्षभरापूर्वी करायचं होतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

पूजा केली. गार्ड खालीच ठेवला, कुंकू गार्डलाच लावलं. हार घातला. दोरा बांधला नाही. कुठेच नाही. भाऊ म्हणाले दोरा राहिला, मी म्हटलं चालतं.

उद्या उशिरा येईन म्हणून सांगितलं. लग्नाचं स्टेज उद्याच पोचवायचंय, नऊला मशीन चालू हवं. पूजेतल्या हत्याराला आज हात लावू देईनात. गार्ड खाली आहे, मी स्वतः पाहिलाय. उद्याच्या तारखेपुढे आजच सही करून आलो.

घरी येऊन डबा पाहिला. दोरा होता. डबा पिशवीत घातला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

डिलाईल रोड. चाळीचा दुसरा मजला. मावशीच्या दारासमोर. नऊ वाजून गेलेत.

कडी वाजवायच्या आधी डबा उघडला. रिकामा.

आत फक्त थोडं कुंकू —

मी आज सकाळी गाळ्यात गेलो नाही. आज गार्डवरचा दोरा कोणी कापला नाही.

बुद्धभूषण फोन उचलत नाही. पुन्हा लावला. पुन्हा —

भाऊंनी उचलला. मागे मशीन चालू. मी ओरडलो, बंद करा, गार्ड बघा. ते म्हणाले, “तुझी सही आसा वहीत, मग कित्याक घाबरतस? तू मागसून बांधलेलो पूजेचो दोरो पण तसोच ठेवलाव. कोणी हात लावक नाय.”

मी दोरा बांधला नव्हता, असं ओरडून सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही. थांब, बुद्धभूषणला बोलावतो म्हणाले. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज.

मशीन अजून चालू. फोन कानाशी धरून लिहितोय, हाताला दुसरं काही सुचत नाही —

दार उघडलं. मावशी. मला ओळखलं तिने. आत ये म्हणतेय —

कापून झालं. पातं मंद होतंय. आता खट् यायला हवं. आता —

मावशी विचारतेय, काय झालं —

अजून आलं नाही. अजून