आजोबा शेवटचं काय बोलले

६ ऑक्टोबर, सोमवार

जिन्यानेच वर आले. सहा मजले! पाचव्यावर ईश्वरकाका भेटला. "अगं, लिफ्ट कालपासून चालू झालीय!" — आनंदाची बातमी दिल्यासारखा. मी म्हटलं, व्यायाम करतेय. तो खाली निघून गेला. बरं झालं.

गुरुवारी दसरा होता. गुरुवारी आजोबा गेले. लिफ्टमध्ये. त्यांच्याबरोबर मी होते, बाकी कुणी नाही. एवढं लिहायलासुद्धा आजपर्यंत हात उचलला नाही.

घरात माणसंच माणसं. नवीन आलेला प्रत्येक जण आधी आजीपाशी बसतो, डोळे पुसतो आणि मग नजर फिरवून मला शोधतो. "संचिता म्हणजे हीच ना? हीच होती ना बरोबर?" हीच. की लगेच तो प्रश्न — "शेवटचं काय बोलले गं आजोबा?" मी सांगते, काही नाही, त्यांना श्वास लागला होता. चेहरे पडतात. एवढ्या लांबून, नालासोपाऱ्याहून आलो आणि शेवटचं वाक्यसुद्धा मिळालं नाही! सगळ्यांचा राग येतो मला.

आजीचा येत नाही. आजी वाती वळता वळता मान वर न करता विचारते, "काही म्हणाले का गं हे? काहीतरी म्हणाले असतील." रोज विचारते.

७ ऑक्टोबर

आंघोळ दार उघडं ठेवून केली. आई बाहेर टॉवेल धरून पहारा देत उभी. "सोळा वर्षांची घोडी झालीस!" म्हणाली आणि स्वतःच रडायला लागली.

८ ऑक्टोबर, बुधवार

एकदाचं लिहून टाकते. नाहीतर डोकं फुटेल.

दसऱ्याला आमच्या सोसायटीत लिफ्टची पूजा होते. सगळ्यांच्या स्कूटरची होते, पाण्याच्या पंपाची होते, तशी लिफ्टचीही. हळदकुंकू, नारळ आणि आतल्या जाळीच्या दाराला झेंडूची माळ. माळ बांधायचा मान आजोबांचा. बांधली, नारळ फोडला, पेढा खाल्ला. मी खाली सोनं वाटत होते. मला म्हणाले, "चल गं वर, गुडघे बोलायला लागले."

तिसरा आणि चौथा यांच्या मधे लिफ्ट थांबली. आधी आम्ही हसलो. मग खाली कुणीतरी मेन स्विच बंद केला — बंद करून चालू केलं की सुरू होते म्हणून! दिवा गेला, पंखा गेला. परत काही चालू झालं नाही. आजोबांना घाम फुटला. ते खाली बसले. वर चौथ्या मजल्यावरच्या हेमालीबेन जमिनीवर पालथ्या पडून बाहेरच्या दाराच्या काचेतून मोबाईलचा टॉर्च मारत होत्या. "गभराओ नहीं, गभराओ नहीं!" मग लोकांनी दार फोडायला घेतलं. हातोडा. लोखंडावर लोखंड. सगळा पत्रा थरथरत होता.

आणि मी काय केलं? कोपऱ्यात बसले. डोळे मिटले. कान दुखेपर्यंत दाबलेले आठवतात. एकदा डोळे उघडले तर टॉर्चच्या उजेडात आजोबांचे ओठ हलताना दिसले. बोलत होते. माझ्याशीच बोलत असणार, दुसरं होतं कोण तिथे! मला काही ऐकू आलं नाही. मी परत डोळे मिटले.

म्हणजे ते शेवटचं बोलले. आणि मी कान बंद करून बसले होते!

हे एकाच माणसाने पाहिलंय. हेमालीबेननी.

९ ऑक्टोबर

मेकॅनिकने लिफ्टच्या दाराच्या पट्टीतून झेंडूच्या माळेचा गुंता काढला होता म्हणे. त्याच्यामुळे दार नीट लागलं नाही, त्याच्यामुळे लिफ्ट अडकली. आजोबांनीच बांधलेली माळ. आईने मला आणि बाबांना दम दिलाय — आजीच्या कानावर हे जाता कामा नये.

आता घरात आजीपासून लपवलेल्या दोन गोष्टी आहेत. एक सगळ्यांनी मिळून लपवलेली. एक मी एकटीने.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज दहावा. चेण्याला नदीवर गेलो होतो. आजी गाडीतच बसली, तिला काठावर उतरवेना.

पिंड ठेवले. झाडावर कावळे होते, चांगले दोन-तीन. खाली येईनात. बाबा हात जोडून म्हणाले, "आईला नीट सांभाळू." कावळा हलेना. ईश्वरकाका म्हणाला, "आम्ही दोघं भाऊ कधी भांडणार नाही." हलेना. मग आत्या म्हणाली, "संचिताला पाहिजे तेवढं शिकवू." माझं नाव घेतल्यावर तर एक कावळा उडूनच गेला! ऊन तापायला लागलं. गुरुजींना दुसरीकडे जायचं होतं, ते सारखे घड्याळ बघत होते. त्यांनी विचारलं, "शेवटी जवळ कोण होतं यांच्या?"

सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

"आठव गं बाई," आत्या म्हणाली. "त्यांची काहीतरी इच्छा राहिलीय. तुलाच सांगितली असणार."

मी म्हटलं, "मला ऐकू नाही आलं."

"एवढ्याशा लिफ्टमध्ये?" ईश्वरकाका. "शेजारी बसून ऐकू नाही आलं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. खरंच नवल वाटत होतं त्याला. रागावला असता तर बरं झालं असतं, मी उलट बोलले असते. आता काय बोलणार? बाबांनी माझा खांदा धरला आणि म्हणाले, "दर्भाचा करा गुरुजी." मग गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला, झालं.

गाडीत आजीने विचारलं, "शिवला?"

"शिवला," बाबा म्हणाले. "लगेच."

किती सहज खोटं बोलतात ही मोठी माणसं! मला का जमत नाही? 'आजी, त्यांनी तुझं नाव घेतलं' — एवढंच तर म्हणायचंय. पण तोंड उघडलं की ते हलणारे ओठ दिसतात.

१३ ऑक्टोबर, सोमवार

हेमालीबेन आल्या होत्या. हातात खिचडीचा डबा. मी हॉलमध्येच सापडले. "संचिता बेटा, एक मिनट रुक. मुझे तेरे को बोलना था. तेरे दादाजी ना —"

पुढचं ऐकलं नाही. पळाले आणि बाथरूममध्ये घुसून कडी लावली. कडी! त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. आधी कळलंच नाही. मग कळलं आणि भिंती जवळ यायला लागल्या. कडी सापडेना. हात नुसते दारावर आपटत होते. आईने बाहेरून ओरडून ओरडून सांगितलं, "वर सरकव, वर!" तेव्हा उघडली. मी आईच्या अंगावरच पडले. हेमालीबेन तोवर निघून गेल्या होत्या.

आई म्हणाली, "तुला डॉक्टरला दाखवू या का गं?" नाटकं करू नकोस म्हणणारी आई! मी म्हटलं, दिवाळीनंतर बघू.

डॉक्टर काय करणार? त्या बाईने जे पाहिलं ते थोडंच पुसून टाकणार.

१५ ऑक्टोबर

पेपर होता. बाहेर बँडबाजा चालला होता म्हणून सरांनी वर्गाचं दार लावलं. मी उठून बाहेर. मिनल मागे आली, पेपर अर्धा टाकून! वेडी. बाहेर बाकावर बसून म्हणाली, "बोलू नको, नुसती बस." बसलो. तिला एक शब्दही सांगितला नाही. सांगावंसं मात्र फार वाटलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

हेमालीबेन भावनगरला गेल्या. दिवाळी तिकडे करून लाभपाचमीनंतर येणार. आज चौथ्या मजल्यावरून न धावता आले.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. आमच्याकडे आकाशकंदील नाही, पणती नाही. समोरच्या विंगला सगळ्या खिडक्यांतून माळा लुकलुकतायत. आई-बाबा काकाकडे गेले होते. घरात मी आणि आजी.

आजी अचानक म्हणाली, "माळेचं मला ठाऊक आहे."

मी उठून तिच्याजवळ बसले.

"तुम्ही स्वयंपाकघरात कुजबुजता, मला ऐकू येत नाही होय? माळ मी ओवली होती. दरवर्षी सुताच्या दोऱ्यात ओवते. ती तुटते, फुलं सांडतात, मग जो तो पायदळी तुडवतो. ह्या वेळी म्हटलं नायलॉनच्या दोऱ्यात ओवू. चांगली टिकेल." हातातली वात तिने ताटात ठेवली. "सुताची असती तर तुटली असती गं. लिफ्ट अडकली नसती. म्हणून विचारते तुला रोज. माळेबद्दल काही म्हणाले का? मला काही बोलले का?"

अरे देवा! म्हणजे म्हणून विचारत होती! आणि मला वाटत होतं, तीही सगळ्यांसारखीच...

एक वाक्य पुरलं असतं. 'नाही आजी, माळेचं काही नाही बोलले.' ओठांवर आलं होतं. पण मला ते माहीतच नव्हतं ना! बोललेही असतील. तिने तिचं सगळं माझ्यासमोर ठेवलं आणि मी तिला खोटं देऊ?

सांगितलं. सगळं. "ते काहीतरी बोलत होते आजी. मी कान बंद केले होते."

आजीने वातींचं ताट बाजूला सारलं. मग "बरं" म्हणाली. आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

२२ ऑक्टोबर

आजी जेवली नाही. आईला वाटतं, पाडवा आहे, आजोबांची आठवण येतेय. मला माहितेय काय ते.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आजीने विचारणं बंद केलंय. इतके दिवस वाटायचं, हिने विचारू नये. आता तिने एकदा तरी विचारावं म्हणून तिच्यासमोर जाऊन बसते. ती वाती वळते. चहा दिला तर घेते. पण माझ्याशी बोलत नाही.

मी तिच्या जागी असते तर मला घराबाहेर काढलं असतं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी आजी आईला म्हणाली, "ती चौथ्या मजल्यावरची आली का गं गावाहून? तिला उद्या वर बोलाव."

"हेमालीबेनला? कशाला?"

"काचेतून तिने पाहिलंय ना. मला ऐकायचंय."

माझ्या हातातली बशी पडली. आई म्हणाली, काय हा वेंधळेपणा! मी तुकडे उचलत होते आणि आजी बघत होती.

मी सांगणं वेगळं. ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याने सांगणं वेगळं. आजोबा घुसमटतायत आणि ही शेजारी कान धरून बसलीय — हे आजीला दिसणार आता. अगदी डोळ्यांसमोर दिसणार. आणि ते एकदा दिसलं की मग माझ्याकडे बघताना तिला दुसरं काही दिसेल का? बाबांना विचारलं, उद्या मावशीकडे डोंगरीला जाऊ का, सुट्टी आहे अजून. बाबा हो म्हणणारच होते.

आतून आजीचा आवाज आला. "कुठे जायचं नाही. तू इथेच बसायचं, माझ्याजवळ."

इतक्या दिवसांत माझ्याशी बोललेली पहिली वाक्यं.

२८ ऑक्टोबर

हेमालीबेन आल्या. आजीने मला मनगटाला धरून शेजारी बसवलं होतं. तिने सरळच विचारलं, "इसने कान बंद किया था?"

"इसने कहाँ, माजी!" हेमालीबेन म्हणाल्या. "इसके दोनों हाथ तो दादाजी की कमर में थे, कस के पकडा था. कान तो दादाजी ने बंद किये थे इसके. हथौडे का आवाज कितना था, छोकरी डर से काँप रही थी. मुँह उसका अपनी छाती में लिया, दोनों कान पे हाथ रखा और कुछ कुछ बोलते थे. मुझे लगा इसको तो मालूम ही होगा! इतनी तकलीफ में भी हाथ नहीं हटाये. फिर... फिर हाथ छूट गये."

आजीने तिथूनच ईश्वरकाकाला फोन लावला. "अरे, तिला ऐकू कसं येणार? ह्यांनीच येऊ दिलं नाही! ह्यांचं लक्ष माळेत नव्हतं रे, पोरीत होतं." आणि फोन चालूच ठेवून रडायला लागली.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. इथेही लिहिली नव्हती. शेवटी शेवटी सगळे आवाज एकदम मोठे झाले होते. हातोडा, माणसांची ओरड, सगळं. मला वाटलं, बाहेरच्यांनी जोर वाढवला.