ड्रायव्हरच्या बाजूची खुंटी

बाबा, तुमच्या गाडीला मी रिमोट बसवून घेतला. हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्ही असता तर पुढचं काही ऐकायच्या आत "गाडीला हात कुणी लावला?" एवढंच विचारलं असतं. हात एका मेकॅनिकनं लावला. आपल्या सुदामा नगरातच त्याचं दुकान आहे, चाळिशीचा माणूस, दाराला हात लावण्याआधी तो फडक्याला पुसतो, म्हणजे तुमच्या परीक्षेत पास झाला असता. गाडी अजून चालते. शेजारीपाजारी मला वेड्यात काढतात, भंगारात द्या म्हणतात, मी हो म्हणते आणि देत नाही. इंदूरजवळच्या राऊ गावातल्या कॉलेजात ह्याच गाडीनं मी सगळी नोकरी केली, गेल्या वर्षी निवृत्त झाले, आणि आता तिचं काम एवढंच की दर मंगळवारी आईला घेऊन बडा गणपतीला जायचं. तेवढं काम तिला झेपतं. मलाच झेपेनासं झालं होतं. डाव्या दाराचं लॉक झिजलंय, चावी लावून दोन-तीनदा जोर करावा लागतो, आणि माझी मनगटं हल्ली पोळ्या लाटतानाही कुरकुरतात. महिन्यापूर्वी देवळाबाहेर मी अशीच चावीशी झटापट करत होते, आई भर उन्हात रस्त्यावर उभी, आणि एक रिक्षा तिच्या पदराला चाटून गेली. त्याच दिवशी ठरवलं की आता पुरे.

तुम्हाला आठवत असेलच, पण मला लिहायला आवडतंय म्हणून लिहिते. आपल्या गाडीत बसायची एक रीतच होती. ड्रायव्हरच्या बाजूचं लॉक बिघडलेलं. चावी घातली की नुसती गरगर फिरायची. मग तुम्ही गाडीला वळसा घालून डावीकडे यायचे, आईचं दार चावीनं उघडायचे, ती पदर सावरून आत बसली की दार हलकेच लोटायचे आणि पुन्हा वळसा घालून आपल्या दारापाशी जाऊन उभे राहायचे. आई आतून हात लांब करून काचेच्या कडेची ती काळी खुंटी वर ओढायची, की तुमचं दार उघडायचं. मी मागे बसून हे हजार वेळा पाहिलंय. पाऊस असो, लग्नाची घाई असो, तुम्ही बाहेर थांबलेले आणि आईचा बांगड्यांचा हात खुंटीकडे चाललेला. शेजारणींना ती मोठ्या ऐटीत सांगायची, "माझ्याशिवाय ह्यांची गाडी उघडत नाही." तुम्ही ते ऐकून चष्मा पुसत बसायचे.

आता गंमत अशी की तुम्ही मिलच्या वर्कशॉपमधले फिटर. मिल बंद पडल्यावर मोहल्ल्याचे पंखे, कुकर, शिलाई मशीन, कुलपं, सगळं आपल्या ओट्यावर यायचं आणि धडधाकट होऊन जायचं. एका गाडीचं लॉक तेवढं तुमच्यानं होईना. काका गाडी मागायला आले की दर वेळी तोच सूर. "दादा, साऱ्या इंदूरचे ताले ठीक करतो तू, आणि खुदच्या गाडीचं नाही होत?" तुम्ही म्हणायचे, "पार्ट मिळत नाही." वर्षानुवर्षं तो पार्ट मिळत नव्हता. तुम्ही कधी खोटं बोलत नाही अशी घरात ख्याती होती, म्हणून मीही शंका घेतली नाही. फक्त चिडले.

ज्या दिवशी चिडले तो दिवस मला पुसून टाकता आला असता तर बरं झालं असतं. कॉलेजातल्या नोकरीचा इंटरव्ह्यू होता, मी एकटीच गाडी घेऊन निघाले होते. आईची कडक इस्त्रीची फिकी साडी नेसून मी डाव्या दारानं आत शिरले, खुंटी ओढायला आडवी झाले आणि निऱ्या गिअरच्या दांड्यात अडकून टर्रकन फाटल्या. मी तशीच ओट्यावर आले आणि तुमच्या दोन गिऱ्हाइकांसमोर ओरडले, "लोकांचं सगळं करता, घरचं एक लॉक तुमच्यानं होत नाही. आळस आहे नुसता." तुम्ही कुणाचा तरी पंखा उघडून बसला होतात. मान वर केली नाहीत. आईला हाक मारून म्हणालात, "तिला दुसरी साडी दे. आणि तू जा तिच्याबरोबर, खुंटी काढायला." आई गेली माझ्याबरोबर राऊपर्यंत, आणि दोन तास कॉलेजच्या कडुलिंबाखाली बसून राहिली. नोकरी मिळाली. माफी मी मागितली नाही, आणि मग तुम्ही गेलात, त्यालाही आता अठरा वर्षं झाली.

तुमचा राग मी एकदाच पाहिलाय, तो माझ्यावरच. शाळेत असताना मी हौसेनं मिक्सर खोलला होता आणि काढलेला एक स्क्रू हरवला. स्वयंपाकघरात आईच्या पोळ्या चालल्या होत्या, तिच्यासमोर तुम्ही मला उभं केलंत. "जे काढलं ते तिथंच बांधून ठेवायचं. उद्या हे कोण उघडेल सांगता येतं का? त्यानं काय शोधत बसायचं?" मग सायकलच्या जुन्या ट्यूबची एक बारीक पट्टी कापून तुम्ही मला गाठ शिकवलीत, दोन वेढे, एक फास, आणि दोन्ही टोकं सारखी कापायची. तेव्हा मला रडू आलं होतं. पुढे कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी शंभर मुलांना तीच गाठ शिकवली आणि त्यांनाही रडवलं.

तर मेकॅनिक. त्यानं मला सगळं समजावून सांगितलं. चारी दारांचं आतलं पॅड काढायचं, प्रत्येक खुंटीच्या सळीला एक छोटी मोटर जोडायची, वायर ओढायच्या, बटण दाबलं की चारी खुंट्या एकदम वर. मी दुकानाबाहेर स्टुलावर बसून बघत होते. तीन दारं बिनबोभाट झाली. चौथं, तुमच्या बाजूचं, उघडलं आणि तो आत वाकून वाकून बघायला लागला. मग मला हाक मारली.

"मॅडमजी, हे लॉक खराब होतं असं कोण बोललं तुम्हाला?"

"माझे वडील. पार्ट मिळत नव्हता."

"पार्ट तर इथेच आहे." त्यानं टॉर्च आत धरला. "बघा ना. कुणीतरी आरामात बसून खोललंय हे. तोडलेलं बिलकुल नाहीये."

चावीच्या लॉकपासून खुंटीकडे जाणारी सळी क्लिपमधून सोडवलेली होती. ती खडखडू नये म्हणून बाजूला वळवून बांधली होती. आणि ती एवढीशी क्लिप त्याच सळीला ट्यूबच्या पट्टीनं बांधलेली होती. दोन वेढे, एक फास, दोन्ही टोकं सारखी.

मी परत स्टुलावर जाऊन बसले. त्या माणसानं न विचारता पाण्याची बाटली आणून दिली. आणि मला राऊचं ते लग्न आठवलं. गाडी नवीनच घेतली होती, म्हणजे दुसऱ्या हाताची, पण आपल्यासाठी नवीन. मी आठ-नऊ वर्षांची, मागच्या सीटवर. लग्न आटोपून निघतोय, सारं गणगोत निरोप द्यायला उभं, तुम्ही आत बसलेले आणि आई बाहेर. तिला दार उघडता येईना. ती हँडल ओढते तेव्हा बटण दाबत नाही, बटण दाबते तेव्हा हँडल सोडते. तोवर ती स्कूटरच्या मागे बसलेली बाई, गाडीचं दार कशाला उघडेल. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. तुम्ही दार उघडून उतरलात, वळसा घालून गेलात, तिला दार उघडून दिलंत, तर काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वा भिया, आपले पणजोबा महाराजांच्या घोड्याचा लगाम धरायचे, दादा वहिनीच्या गाडीचं दार धरतोय." आईसुद्धा हसली. घरी आल्यावर मात्र चपला काढताना म्हणाली, "मी आपली स्कूटरवरच बरी." पुढची दोन-तीन लग्नं तिनं डोकेदुखीचं निमित्त काढून टाळली.

त्यानंतरच्या एका रविवारी तुम्ही गाडीच्या दाराचं पॅड काढलंत. मी शेजारी बसून वाटीत स्क्रू धरले होते, बाबा. स्वतःच्या हातात. संध्याकाळी तुम्ही जाहीर केलंत की लॉक गेलं, आता डावीकडूनच उघडावं लागेल, आणि आतून खुंटी काढायला कुणीतरी लागेल. मग आईला यावंच लागलं. नवरा बायकोसाठी दार उघडतो म्हणून हसायलाही कुणाला जागा उरली नाही, बिचाऱ्याचं लॉकच बिघडलेलं. वाटी धरून बसले होते तरी मला त्यातलं काही कळलं नाही, आणि पंधरा वर्षांनी मी तुम्हाला आळशी म्हणाले. तुम्ही ते गिळलंत, पण आईसाठी ठेवलेलं गुपित फोडलं नाहीत. एवढं प्रेम इतक्या बिनबोभाट करता येतं हे मला साठीला आल्यावर, एका परक्या माणसाच्या टॉर्चमध्ये कळलं.

"जोडून देऊ?" मेकॅनिकनं विचारलं. मी जोडा म्हणाले. क्लिप जागच्या जागी आहे ती ह्यासाठीच, असं वाटलं. त्यानं क्लिप बसवली, मोटर लावली. बटण दाबलं, चारी खुंट्या टक्कन वर आल्या, आणि मी लहान मुलीसारखी तीन-चारदा दाबून पाहिलं.

मंगळवारी आई तयार होऊन बाहेर आली. ब्याऐंशीची आहे आता, गुडघे धरतात, पण मंगळवारची साडी वेगळी असते. मी ओट्यावरूनच बटण दाबलं. तिनं दार उघडलं, हो, आता येतं तिला, कधीचं येतं. आत बसली. सवयीनं हात लांब करून माझ्या बाजूच्या खुंटीवर ठेवला, तर खुंटी आधीच वर. मी काचेतून बघत होते. तिची बोटं तिथंच थोडा वेळ राहिली. मग तिनं हात मांडीवर घेतला आणि मी बसल्यावर म्हणाली, "उघडलेलंच होतं की." त्याच्या पुढच्या मंगळवारी म्हणाली, "तू जाऊन ये. मी आपली घरीच बरी." गुडघ्यांचं निमित्त केलं. त्याच्या पुढच्या मंगळवारीही तेच. ते "आपली बरी" माझ्या कानात बसलं, कारण मी ते आधी एकदा ऐकलं होतं.

मी गाडी काढली ती थेट दुकानात नेली. "माझ्या बाजूची मोटर काढा, आणि ती क्लिपही सोडवा." तो माझ्याकडे बघतच राहिला. "मॅडमजी, लोक चालू करवायला येतात, तुम्ही बंद करवायला आलात?" मी म्हणाले, माझ्या आईसाठी आहे. त्यानं पुढे विचारलं नाही, काढून दिली. बांधायचं काम मी केलं. पर्समधून ट्यूबची पट्टी काढली तेव्हा तो हसला, पण टॉर्च नीट धरला. सळीला क्लिप बांधली, शेजारी मोटर बांधली. मनगट दुखत होतं, टोकं सारखी कापली गेली नाहीत. कधीतरी हे परत जोडावं लागेल, तेव्हा सगळं तिथंच सापडेल. त्याची मला मुळीच घाई नाही.

घरी येऊन आईला म्हटलं, "रिमोटवाल्यानं काय केलं कोण जाणे, माझ्या बाजूचं दार काही उघडत नाही. पार्ट मिळत नाही म्हणतो." आई देवाची समई पुसत होती. ती म्हणाली, "ह्यांनाही नाही मिळाला कधी." मग समई खाली ठेवली, आणि तो मंगळवारही नव्हता तरी चपला शोधायला लागली. "चल. मी आहे ना आतून."

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. गाडीच्या दाराच्या जुन्या चावीला आता काही काम नाही, ती ज्या डब्यात आहे त्यातच हे पत्रही ठेवीन. फक्त एक सांगायचं राहिलं. मेकॅनिकला मी म्हणाले की हे आईसाठी आहे, ते पुरतं खरं नाही. त्या दिवशी गाडीला वळसा घालून मी माझ्या दारापाशी जाऊन उभी राहिले, तुम्ही उभे राहायचे तशी, आणि आतून आईचा हात खुंटीकडे येताना पाहिला. बाबा, मलाही कुणीतरी आतून दार उघडायला हवं होतं.