‘ऐहिक’ची नोंद

४ मार्च

चोर! दुसरा शब्द नाही. शब्दकोशाच्या कचेरीत बावीस वर्षं काढली आहेत, असता तर मला सापडला असता.

आमच्या मुख्य संपादकांचा लेख मासिकात आलाय — ‘ऐहिक’ या शब्दावर. उदाहरणं सगळी माझी, तीन वर्षं चिठ्ठ्यांवर उतरवून घेतलेली. माझं नाव कुठेच नाही.

५ मार्च

राग उतरत नाही.

त्यांची मूळ व्याख्या एका ओळीची होती — ‘धर्माशी संबंध नसलेले’. मीच भांडले. म्हटलं, अहो, माणसं असं बोलत नाहीत. विजेच्या बिलाचा धर्माशी संबंध नाही, म्हणून त्याला कोणी ऐहिक बिल म्हणतं का? ऐहिक म्हणजे इथलं, याच जगातलं. आणि म्हणताना माणूस थोडं नाक मुरडतो, नाहीतर थोडे लाड करतो. मामा म्हणायचे, “माझ्या ऐहिक गरजा दोनच. चष्मा आणि खुर्ची.”

सासूबाईंनी दवाखान्यात कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. म्हणाल्या, “ऐहिक तेवढं आधी उरकून घेऊ, मग निवांत पडते.” चौथ्या दिवशी गेल्या. त्याचीही चिठ्ठी केली मी, रडत रडत केली. लेखात ती अशी आली आहे — ‘एका परिचित वृद्धेच्या तोंडून ऐकलेले’. परिचित म्हणे! कधी भेटला होतात त्यांना?

९ मार्च

आज तोंडावर विचारलं. चष्मा पुसत म्हणाले, “बाई, कोश कुणा एकट्याचा नसतो.” आम्ही त्यांना पूर्णविराम म्हणतो ते उगाच नाही. त्यांच्यानंतर कुणाला बोलता येत नाही.

घरी यांना सांगितलं. “सोडून दे गं. आता ऐहिक प्रश्न — जेवायला काय आहे?” हसू आलं. आलं म्हणून आणखी संताप.

सोडणार नाही.

१७ मार्च

सुचलं.

शेवटची मुद्रितं दोघांनी वाचायची — एकाने मोठ्याने, दुसऱ्याने बोट ठेवून. मग पूर्णविरामांची सही. सहीनंतर कागद कोणी उघडत नाही. ते छापखान्यात नेऊन देते मी.

२ एप्रिल

केलं! ‘ऐहिक’खाली एक उदाहरण वाढवलं — ‘पंडितांना ऐहिकाची आस नव्हती, शेजाऱ्याच्या वहीची मात्र होती.’ पुढे ग्रंथाचं नाव, पान एकशे बारा. असा ग्रंथच नाही. वाक्यही माझंच.

आमच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. अर्थ चुकला तर लोक माफ करतात, उदाहरण रचलं तर माणूस संपला. पूर्णविरामांचे जुने वैरी, ते निवृत्त प्राध्यापक, एकेक संदर्भ ग्रंथालयात जाऊन तपासतात. आणि ‘ऐहिक’ कोणाचा? लेख लिहिणाऱ्याचा! घ्या आता सगळं श्रेय.

छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी म्हणाला, “ताई, सहीनंतर भर?” म्हटलं, साहेबांनीच सांगितलंय. 

३ एप्रिल

छान झोप लागली.

२८ मे

सगळी पानं छापून झाली, प्रस्तावना तेवढी राहिली आहे. ती नेहमी शेवटी छापतात, आणि पूर्णविराम ती स्वतः लिहून स्वतः छापखान्यात देतात. आम्हाला पुस्तकातच दिसते. असेल नेहमीचीच — मी, माझे, मला.

११ जून

प्राध्यापकांना परवा परीक्षणासाठी पहिली प्रत गेली. मीच पुडकं बांधलं. बाकीच्या प्रतीही काल सगळीकडे रवाना झाल्या.

१२ जून

कचेरीची प्रत आज हातात आली. प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद उतरवून ठेवते.

‘ऐहिक या शब्दावरील माझ्या लेखात एक नाव द्यायचे राहिले. चूक माझी, आणि ती दाखवून दिल्यावरही मी ताठपणे वागलो.’ मग माझं नाव, आडनावासकट. ‘ही नोंद संपूर्णपणे त्यांची आहे. तिच्यातील प्रत्येक छापील उदाहरण त्यांनी स्वतः मूळ ग्रंथात पाहिलेले आहे, याची ग्वाही मी देतो.’