लाल गाडीच्या सीटखाली

देवळी, मंगळवार

चि. सौ. शोभाबाईस तुझ्या थोरल्या जावेचा, रुख्माबाईचा, पोटभर आशीर्वाद. हिंगणघाटात सगळे खुशाल असतील. तुझे गुडघे कसे आहेत? माझे तुझ्यापेक्षा जास्त दुखतात. तेवढ्यात तरी मी पुढं आहे. अक्षर माझ्या सुनेचं, रूपालीचं आहे, बोल माझे. (रूपाली, मी खोकलते ते लिहू नको.) फोन केला असता, पण आजकाल गाडीचं नाव काढलं की तुले आवाज येईनासा होते. कागदाले रेंज लागत नाई, म्हणून आमच्या गड्याच्या, तानबाच्या हाती पत्र. कारण काहीच नाई, हे आधीच सांगते.

आपल्या नात्यातल्या इलाच्या लग्नापासून मी तुझ्यावर जळून राह्यली, असं तू चारचौघीत बोलली म्हणे. खोटं आहे. तुझ्या नातवानं, ऋतिकनं, ती पिवळी, जमिनीले पोट टेकलेली गाडी थेट मांडवापर्यंत आणली. तू त्यातून उतरली (उतरली काय, दोघांनी उपसून काढली) आणि सगळं वऱ्हाड नवरीले सोडून गाडीकडं धावलं. निम्म्या अक्षता तिच्या टपावर पडल्या. मी जळली नाई. मी फक्त जेवली नाई, बासुंदी होती तरी. मग मी एवढंच म्हटलं, मले बी चौकापर्यंत एक चक्कर मारून आणा. तर तू काच अर्धी खाली करून म्हणते, 'सीट दोनच आहेत ना वं बाई.' तेव्हापासून मी एसटीत चढली तरी आधी सीटा मोजते. त्याच संध्याकाळी तुझा मोराचा अडकित्ता हरवला, आणि तो रुख्माबाईच्या खोलीत राह्यला होता असं तू भेटंल त्याले सांगत सुटली. तेही मी विसरली.

आता आमच्या नातवाले, रजतले, तेच याड लागलं. पोरगा सावंगीले डॉक्टर, दिवसभर लोकाईच्या छात्या ऐकते आणि घरी आला की मोबाईलवर गाड्याईच्या. (लग्नात त्याची ड्युटी होती, तुमची गाडी त्यानं फोटोतच पाह्यली.) त्यासाठी वर्ध्याचा प्लॉट विकून बसला. नागपुरात जुन्या गाड्या विकणाऱ्या एका दलालाकडं दोन गाड्या त्याच्या मनात भरल्या. एक राखेच्या रंगाची, इंजिन ठणठणीत, पण किंमत अशी की प्लॉटचे सगळे पैसे जाऊन वर कर्ज काढावं लागंल. दुसरी लालभडक, बरीच स्वस्त. पण स्वस्त काऊन, ते कोणी सांगत नाई. रजत म्हणते, या जातीच्या गाडीचं इंजिन बसलं तर दुरुस्तीच्या पैशात साधी नवी गाडी येते. त्याचा बाप म्हणते राखेची घे, नाईतर काहीच घेऊ नको. मी म्हटलं, लाल. पिवळ्यापेक्षा लाल दुरून दिसते. (हे कारण लिहू नको. लिहिलं? बरं, राहू दे.)

रविवारी पाहाले गेलो. संगं गावातला माणिक मिस्त्री; त्यानं जन्मभर ट्रॅक्टर उघडले. त्यानं मोठ्या ऐटीत लाल गाडीचं पुढचं झाकण उघडलं, तर आत इंजिनच नाई, रिकामा हौद. माणिक माझ्या कानात म्हणे, 'आजी, मालच काढून घेतला यायनं.' दलाल हसून म्हणे, या गाडीचं इंजिन मागं असते. मी म्हटलं, भाऊ, बैल गाडीच्या मागं जुंपायची रीत कोणत्या गावची? पण त्यानं गाडी चालू केली आणि छातीत ढोल वाजला, शोभा. खरं सांगते, तुले तेव्हा मनातल्या मनात माफ केलं. दलाल म्हणे, 'एकच मालक. घरची म्हातारी मंगळवारी देवळात जायची, तेवढीच चालली.' नंबरप्लेट काढलेली, कागद म्हणे आरटीओत.

मी बसली, म्हणजे पडली. रजतनं एक चक्कर मारली. मोकळ्या रस्त्यावर झकास, पण सिग्नलवर थांबलो की गरमीचा काटा वर चढे आणि दूध उतू गेल्यासारखा वास येई. दलाल म्हणे, ऊन आहे. उतरताना धरायले काही सापडंना म्हणून सीटखाली हात घातला, तर हातात काय आलं? मोर. चोच घासलेली, एका डोळ्याचा खडा पडलेला. मग मी दाराचा कोपरा नखानं खरवडला. तो लाल रंग नाईच, वरून चिकटवलेला पापुद्रा आहे. खाली पिवळं, अगदी हळदीसारखं.

तिथं मी अडकित्ता गुपचूप कमरेले खोवला. घरी आल्यावर रजतले सांगितलं. त्यानं ऋतिकले फोन लावला, तर तो म्हणे आमची गाडी दोन महिन्यांपासून सर्विसिंगले आहे. रजत म्हणे, आजी, माणूस बायपास करून याच्या आधी घरी येते.

असं आहे. बाकी सोयाबीन बरं आहे. भाऊजीले म्हणा, खोकल्याचं औषध वेळेवर घ्या.

तुझी थोरली जाऊ,
रुख्माबाई (अंगठा उठवला नाई, रूपालीवर विश्वास आहे)

ता. क. : शनिवारी रजत बयाना देणार. दलाल खोटं बोलते, माणिकले इंजिन सापडत नाई, ऋतिकले लाज वाटते. खरं काय ते तुलेच माहीत. गाडी काऊन विकली, इंजिन उकळते का, एवढं कळलं पाह्यजे. पोराच्या प्लॉटचा पैसा जाऊन राह्यला, शोभा. मी कोणाजवळ बोलणार नाई. (रूपाली हसून राह्यली. तिले शपथ घातली आहे.)

दुसरा ता. क. : मी विचार केला. तू 'खराब' लिहिलं तर मी म्हणीन, मी तिच्यात बसीन म्हणून हिचा जीव जळते. 'चांगली' लिहिलं तर म्हणीन, आपली बला आमच्या गळ्यात घालते. म्हणून उत्तर नको. शुक्रवारी तूच येजो. दलाल गाडी आमच्या दारात आणून दाखवणार आहे. रजतच्या बाजूले बसजो आणि भर दुपारी वर्ध्यापर्यंत जाऊन येजो. हसत बसली तर लाल घेऊ. गाडी पाहून गुडघे दुखायले लागले तर राखेची.

मी संगं येत नाई. सीट दोनच आहेत ना वं बाई. मी दारात सुपारी कातरत उभी राहीन.