पिशवीचा अर्ज

आत्याबाई, तुम्हाला एक सांगायचं राहिलं आहे. तुम्ही होतात तोवर माझ्याच्याने झालं नाही. पुढे यांच्यापाशीही झालं नाही, आणि आता हेही नाहीत. घरात सांगायला कुणी उरलं नाही, तेव्हा कुठे लिहायला बसले आहे.

निमोणं सोडून तुम्ही आमच्याकडे दौंडला राहायला आलात तो दिवस मला अजून दिसतो. टांगा दाराशी थांबला, तुम्ही उतरलात आणि टांगा एकदम हलका होऊन वर उचलला गेला. टांगेवाला म्हणाला, "आजे, पुढच्या बारीला दोन घोडी आणतो." तुम्ही पदर सावरत म्हणालात, "आण की. भाडं मातर एकाचंच देईन." गल्लीतली माणसं हसली, सगळ्यांत मोठ्याने तुम्ही. त्यानंतर वर्षभरात डॉक्टरांनी साखर आहे म्हणून सांगितलं, वजन उतरवा, रोज चाला, नाहीतर पाय जातील. तुम्ही चहातली साखर सोडली, गूळ सोडला, भाकरी अर्धी केली आणि रोज सकाळी नदीपर्यंत चालत जाऊन येऊ लागलात. दुष्काळ नुकताच सरला होता, माणसांच्या अंगावर अजून मांस धरलं नव्हतं आणि तुम्ही आपणहून उतरत होतात. नळावर बायका म्हणायच्या, "सून उपाशी ठिवती काय गं म्हातारीला?" मी घरात येऊन रडले, तर तुम्ही तशाच नळावर गेलात. मला आतून ऐकू येत होतं. "व्हय, उपाशी ठिवती, वर मारती बी. चार दिस तुमच्याकडं पाठवू का? तुमचं बी जरा उतरंल."

दीड-दोन वर्षांत तुम्ही निम्म्या झालात. पण चरबी गेली आणि कातडी तेवढीच राहिली. पोटाची वळी मांड्यांवर लोंबायची. तिच्याखाली घाम धरायचा, कातडं सोलून निघायचं, उन्हाळ्यात तर जखमाच व्हायच्या. यांच्या जुन्या धोतराच्या मऊ पट्ट्या फाडून, धुऊन, घडी करून मी तुम्हाला द्यायची आणि तुम्ही आडोशाला जाऊन त्या वळीखाली सरकवायच्या. तिला तुम्ही नाव ठेवलं होतं, पिशवी. "आज पिशवी लई जळती गं," म्हणायच्या. कधी मजेत असलात की, "पिशवी रिकामी झाली, आता बाजाराला न्यावी म्हंते." हा शब्द आपल्या दोघींचा होता. पण चालताना ती घासायची, म्हणून तुम्ही नदीपर्यंत जायचात ते देवळापर्यंतच जायला लागलात, मग नुसत्या गल्लीच्या तोंडापर्यंत. चालणं थांबलं तर साखर पुन्हा वर जाणार, हे आपल्याला दोघींनाही ठाऊक होतं.

यांच्या कारखान्यात पगारातून विमा कापत असत आणि कार्डावर तुमचं नाव होतं. विम्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, ही जादा कातडी काढतात, पुण्याला ऑपरेशन होतं. दिसायला बरं नाही म्हणून करायचं तर विमा देत नाही, त्रास आहे म्हणून असेल तर देतो. तेवढं फॉर्मात नीट लिहा. हे म्हणाले, "हापिसाबाहेर लिहून देणारा बसतो, त्याच्याकडनं लिहून घेऊ." तुम्हाला ते पटलं नाही. "कशाला? माझी सून छापलेलं वाचती." मी शाळेची पायरी चढले नव्हते. वाण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून सोडवून अक्षरं लावायला शिकले होते, आणि चुलीपुढे कागद वाचत बसते म्हणून तुम्ही एकदाही मला बोलला नाहीत. उलट शिरूरच्या बाजारातून येताना माझ्यासाठी शाईचं पेन आणलंत. दुकानदाराने विचारलं म्हणे, नातवाला का? तुम्ही म्हणालात, "न्हाई, सुनंला." तेच पेन घेऊन मी विम्याच्या खिडकीपाशी गेले.

मागे पाच-सहा पुरुष उभे होते, सगळे यांच्या कारखान्यातले. खिडकीच्या फळीवर फॉर्म ठेवून मी लिहिलं, 'पिशवी लोंबते. फार त्रास होतो. काढावी.' कारकुनाने वाचलं. सुरुवातीच्या खोडलेल्या अक्षरावर बोट ठेवून विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "चुकलं." मग त्याने आवाज थोडा खाली आणला, पण मागच्यांना ऐकू जाईल इतकाच. "पिशवी म्हंजी बाईमाणसाची असती, तीच ना?" मागे कुणीतरी खाकरलं. नाही म्हणायचं तर पोट, मांड्या, जखमा, सगळं तिथं उभं राहून सांगावं लागणार होतं. मी मान खाली घालून म्हणाले, "व्हय." त्याने लाल शाईने शेजारी काहीतरी इंग्रजीत लिहिलं आणि शिक्का मारला.

पुण्याला तुम्हाला बाळंतिणींच्या वॉर्डाशेजारी नेलं. मला बाहेर बसवलं. तुम्ही बाहेर आलात तेव्हा लुगड्याचा सोगा मुठीत घट्ट धरलेला होता. "अगं, त्यांनी दुसरंच बघितलं," एवढंच म्हणालात. कागदावर लिहून आलं, गर्भपिशवी निरोगी आहे, काढण्याची गरज नाही. परतीच्या गाडीत मी ते वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "निरोगी हाय म्हंत्यात. चार लेकरं झाली तवा कुनी इचारलं न्हाई." आणि हसलात. मला हसता आलं नाही.

त्या हसण्याने तरी मी बोलायला हवं होतं, कारण माझ्या कनवटीला एक चिठ्ठी होती. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तुमच्या जखमा पाहिल्या होत्या. मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "अहो, हे काय लिहून आणलंत? खिडकीवर जाऊन सांगा, लिहिताना चूक झाली. ही माझी चिठ्ठी जोडा. हे मंजूर होईल." म्हणजे पुन्हा तीच खिडकी, तोच कारकून, तीच माणसं. मी चिठ्ठी ट्रंकेत कागदाखाली ठेवली. तुम्ही दोनदा विचारलंत, "हापिसात परत कवा जायचं?" मी म्हटलं, जाऊ. तिसऱ्यांदा विचारलंत तेव्हा म्हटलं, "आत्याबाई, हापिसानं कायमचं न्हाई म्हटलंय." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "बरं," म्हणालात, आणि धोतराची पट्टी मागितलीत.

चालणं अगदी बंद झालं. साखर चढली. पुढच्या हिवाळ्यात पायाला जखम झाली ती भरली नाही, आणि उन्हाळा लागायच्या आत तुम्ही गेलात. दहाव्याला आलेले पाव्हणे म्हणाले, विम्यानं फसवलं. मी मान हलवली. हे तर शेवटपर्यंत त्या कारकुनाला शिव्या देत, आणि मला गप्प बसलेली पाहून म्हणत, "तुझा काय दोस? तू कुठं साळंत गेली व्हतीस? येवढं लिहिलंस तेच लई." मी तेही ऐकून घेत आले. आता इतकी पुस्तकं वाचून झाली, तरी ते वाक्य आठवलं की मी हातातलं पान पालथं ठेवते.

चिठ्ठी अजून ट्रंकेत आहे, घडीवर पिवळी पडली आहे. हाही कागद तिच्याच शेजारी ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार? पण शाळेत गेले नव्हते म्हणून चुकलं, असं तुम्ही तरी धरून चालू नका. कातडी हा शब्द मला लिहिता येत होता, आत्याबाई. फॉर्मावर खोडलेलं होतं ते 'का' होतं.