पंप दुकानातच राहील

उल्हासनगर, कॅम्प २
३१ जुलै २०२५

प्रिय यशोधराताई,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक. तुझा फोन हल्ली दाजीच उचलतात, म्हणून लिहावं लागतंय. गुडघे कसे आहेत?

तुमच्या मांजर्लीच्या सोसायटीचा पाण्याचा पंप दहा दिवस माझ्या दुकानात तयार पडून आहे. पुराच्या पाण्यात मोटर जळली होती. मी जळलेली तांब्याची कॉईल काढून सगळी नव्याने भरली, बेअरिंग बदललं. बिल साडेसोळा हजार. दाजी सेक्रेटरी, ते म्हणतात, "आधी बसव, आठ दिवस चालवून बघू, मग बोलू." गेल्या वर्षीही असंच चालवून बघितलं आणि निम्म्या पैशांत माझी बोळवण केली!

शेजारचा धर्मेश म्हणाला, "अरे भाई, मोटर उसके घर गई तो तू क्या पकडके बैठेगा?" मग वकिलांना विचारलं. दुरुस्तीचे पैसे मिळेपर्यंत वस्तू ठेवून घ्यायचा कारागिराला हक्क आहे म्हणाले, पण एकदा हातची सोडली की तो हक्क गेला. मग का सोडू?

आणि वर सोसायटीच्या मीटिंगमध्ये दाजी म्हणतात, मला समोर उभं करून, "मेव्हण्याने जुनं तांबं विकून खाल्लं"? ताई, ते जळकं तांबं पोत्यात बांधून पंपाशेजारीच ठेवलंय. या म्हणावं, तोलून घ्या. तीस वर्षांत कुणाचा एक नट ठेवून घेतला नाही मी. तू तिथेच बसून सगळं ऐकलंस.

गुडघ्यांचं उगीच नाही विचारलं. मंगळवारी मी आलो होतो, भांडायलाच. तू खालच्या टाकीतून कळशी भरून जिना चढत होतीस. पहिल्याच मजल्यावर कठडा धरून थांबलीस. मी एका टेम्पोमागे उभा राहिलो. पुढे होऊन कळशी घ्यायला हवी होती, नाही घेतली. तुझ्यासमोर आलो तर पंप सोडून देईन, अशी भीती वाटली. तेव्हापासून स्वतःची लाज वाटते. संतापही होतो, तू तीन मजले चढतेस आणि दाजी गॅलरीत उभे राहून मला फोनवर नियम सांगतात!

पंप सोडणार नाही. पूर्ण पैसे मिळाले की तासाभरात आणून बसवीन. तोवर, सोमवारपासून, रोज सकाळी सहाला येऊन तुझ्या घरचं पाणी मी वर आणून देईन. दाजींना सांग, त्या वेळी बिलाचा विषय काढणार नाही.

कळश्या दाराबाहेर काढून ठेव. जिना तू उतरायचा नाहीस.

तुझा भाऊ,
कमलेश