झाकून ठेवलेलं सूप

ती. आईला, लेकीचा वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे, घाबरू नकोस. पण मला तोंड दाखवायला जागा उरलेली नाही.

माझ्या खोलीत राहणाऱ्या मावशी आमच्याच शिवणकारखान्यात कटिंग करतात. त्यांच्या दोन दाढा काढल्या. चावता येईना, म्हणून मी पातेलंभर भाज्यांचं सूप केलं. "माझ्या आईची पद्धत आहे," असं वर मिरवलंही. उरलेलं गरम राहावं म्हणून घट्ट झाकून रात्रभर ओट्यावरच ठेवलं आणि सकाळी कोमट करून त्यांना पाजलं. दुपारी उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात सलाइन लावावं लागलं.

नर्स म्हणाली, "सूप पसरट भांड्यांत ओतून, भांडी गार पाण्यात ठेवून निववायचं. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. पुन्हा देताना चांगलं उकळायचं." तू परातीत पाणी घालून त्यात पातेलं ठेवायचीस, ते याचसाठी ना गं? मी कधी नीट पाहिलंच नाही.

भेटायला आलेली मावशींची सून म्हणाली, "हीच का आईची पद्धत?" माझ्यामुळे तुला बोल लागला. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

बाबांचा गुडघा कसा आहे? त्यांना यातलं काही सांगू नकोस.

काल मावशी दवाखान्यातून खोलीवर आल्या. मी खाली मान घालून बिस्किटं पुढे केली. त्यांनी बशी बाजूला सारली. "सूपच कर. या वेळी मी शेजारी बसते. ते निवेपर्यंत तुला उठू देत नाही."

मी कांदा चिरायला घेतला आणि त्या निमित्ताने पोटभर रडून घेतलं.

तुझीच,
धाकटी